धाकटीच्या कमरेची किल्ली

मुरूमला आमची डाळ मिल आहे. आमची म्हणजे मालकांची, पण मशीनची दुखणी माझ्याकडं असल्यामुळं मी तिला आमची म्हणतो. तूर वरच्या चाळण्यांपर्यंत चढवायला एक उभा पट्टा आहे, त्याला लोखंडी वाट्या लावलेल्या. पट्ट्याचं खालचं टोक एका खोल खड्ड्यात आहे. तुरीबरोबर कधी सुतळी येते, कधी पोत्याचं चिंधूक, आणि खाली माल तुंबतो. मग मोटर बंद करायची आणि कुणीतरी खड्ड्यात उतरून हातानं उपसायचं. खड्डा अरुंद, म्हणून ते काम अंगानं बारीक असलेल्या बाईकडं. आमच्याकडं ती बाई म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात.

धाकटी आणि मी एका घरात राहतो, एका मिलमध्ये राबतो, पण एकमेकांशी बोलत नाही. भांडण कसलंच नाही. आमच्या घराण्यात थोरल्या दिरापुढं धाकट्या भावजयीनं आवाज काढायचा नसतो. मी दिसलो की ती पदर पुढं ओढून वाट देते. काही सांगायचं असलं तर ते माझ्या बायकोच्या तोंडून येतं. मला यात कधी वावगं वाटलं नव्हतं. उलट, पोरगी वळणाची आहे, असं मी चारचौघांत अभिमानानं सांगायचो.

कारखान्यांची तपासणी करणारा साहेब येणार असला की मालकांना आधी कुणकुण लागायची. मग आमची धांदल. लाल बादल्यांत नवी वाळू भरायची, बायकांना तोंडाला बांधायला फडकी वाटायची, कोळिष्टकं काढायची. साहेब यायचा, चहा प्यायचा, बादल्यांकडं बघून मान हलवायचा. तो गेला की फडकी परत गोळा. सरकारी तपासणी म्हणजे नव्याचे नऊ दिवससुद्धा नाहीत, एका दुपारचा खेळ, असं माझं पक्कं मत होतं.

म्हणून त्या दिवशी एसटीतून उतरून एक बाई थेट मिलमध्ये शिरल्या, तेव्हा मला वाटलं डाळ घ्यायला आल्या असतील. त्यांनी कारखाना तपासणीचं ओळखपत्र दाखवलं. मालक लगबगीनं गादीवरून उठले, चहा सांगितला. मॅडम म्हणाल्या, चहा नंतर. लाल बादल्या त्यांनी बघितल्याच नाहीत. त्या बायकांच्यात जाऊन पोत्यावर बसल्या आणि कोण काय काम करतं, कुठं भीती वाटते, ते विचारत राहिल्या. मग खड्ड्यापाशी आल्या, वाकून आत बघितलं आणि मला विचारलं, आत माणूस नाही हे मोटर चालू करताना तुम्हाला कसं कळतं?

मी ताठ्यात सांगितलं, आवाज देतो. खड्ड्यात कोण हाय का म्हणून विचारतो, उत्तर आलं नाही तर चालू करतो. आमच्या मिलमध्ये असा नियम आहे आणि तो मी एकदाही मोडलेला नाही. हे खरंच होतं.

मॅडम म्हणाल्या, दाखवा.

मिल बंद केली. मॅडमनी मला फ्यूज काढायला लावले आणि ते स्वतःच्या पिशवीत टाकले. धाकटीला आत उतरायला सांगितलं. खड्ड्याच्या काठावर रोज एक म्हातारी बसलेली असते, पोती झटकत. तिला त्यांनी पार दारापर्यंत लांब नेऊन उभं केलं. मग मला म्हणाल्या, रोज करता तसं करा.

मी स्टार्टरपाशी गेलो आणि आवाज दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. नाही. मिलमध्ये एरवी कानठळ्या बसतात, त्या दिवशी पत्र्यावर चिमण्या चाललेल्या ऐकू येत होत्या. सगळ्यांना माहीत होतं धाकटी आत आहे. मलाही माहीत होतं. आणि खड्डा गप्प होता.

"आता रोज काय केलं असतं तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"चालू केली असती," मी म्हणालो.

धाकटी वर आली. मॅडमनी विचारलं, आवाज ऐकू आला का? तिनं मान हलवली, आला. मग ओ का दिली नाही? ती खाली बघत राहिली. दारातून म्हातारी म्हणाली, "थोरलं दीर हायती तिचं. त्यांच्याम्होरं कशी बोलंल? रोज म्याच सांगती की, आत हाय म्हणून."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांना यात नवल वाटलंच नाही. मला मात्र ते तेव्हाच कळलं. माझा नियम, माझा ताठा, सगळं एका म्हातारीच्या ओ देण्यावर उभं होतं, आणि म्हातारी बाजाराला गेली, झोपली, आजारी पडली तर काय, हे आम्हा कुणाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मालकांनी लगेच निकाल लावला. धाकटीवर डाफरले, उद्यापासून मोठ्यानं ओ द्यायची. मॅडमनी त्यांना शांतपणे थांबवलं.

"तिला ओरडायला शिकवायला मी आले नाही," त्या म्हणाल्या. "जिवाचा प्रश्न कुणाच्या आवाजावर ठेवायचाच नाही. मेन स्विचला कुलूप लावा. जी आत उतरेल तिनं स्वतः लावायचं आणि किल्ली बरोबर न्यायची. दुसरी किल्ली ठेवायची नाही."

मालकांचा चेहरा उतरला. मिलची किल्ली झाडणाऱ्या बाईच्या कमरेला, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांनी सीझनची अडचण सांगितली, पट्टा थांबला की हमाल बसून राहतात, ट्रक खोळंबतात. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि तिथंच बसून लेखी हुकूम दिला. कुलूप लागेपर्यंत पट्टा चालवायचा नाही. मग त्यांनी तो चहा घेतला, तोवर गार झालेला, आणि बायकांबरोबर पोत्यावर बसून प्यायला.

कुलूप आलं. मी मनात म्हटलं, चार दिवस. पण मॅडम पुन्हा आल्या, तशाच न सांगता, आणि आल्या आल्या एवढंच विचारलं की किल्ली कुठाय. धाकटीनं कमरेची पिशवी काढून दाखवली. त्या हसल्या आणि पुढच्या गाडीनं गेल्या. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात या बाईला आमचं एक कुलूप लक्षात राहतं, याचं मला फार आश्चर्य वाटलं. अजून वाटतं.

मग ऐन सीझन आला. त्या दिवशी दारात दोन ट्रक उभे होते, उमरग्याहून व्यापाऱ्याचे फोनवर फोन, आणि म्हातारी सोनारीच्या यात्रेला गेलेली. मी मागं चाळणीचा बोल्ट आवळत होतो, म्हणून पट्टा कधी तुंबला ते मला कळलं नाही. पुढं आलो तर मालक घाईनं म्हणाले, निघाला माल, चालू कर. ते ट्रककडं बघत होते, खड्ड्याकडं नाही. तापट माणूस मी, वर आधीच उशिरानं चिडलेलो. जाता जाता सवयीनं आवाज दिला. उत्तर आलं नाही. हात स्विचच्या दांड्यावर गेला.

दांडा हलला नाही. बोटांना कुलूप लागलं.

मी तसाच उभा राहिलो. मागून मालक ओरडत होते, काय झालं, काय झालं. त्या कुलपाचा गारवा बोटांना लागत होता आणि मला एवढंच कळत होतं की या लोखंडाच्या तुकड्याच्या पलीकडं माझ्या भावाचा संसार आहे, त्याची दोन लेकरं आहेत. माझं बळ, माझी घाई, मालकांचा हुकूम, काही म्हणजे काही त्याच्यापुढं चालत नव्हतं. देवळात कधी झालं नाही तसं मला त्या स्विचपुढं झालं. मी हात जोडले नाहीत, पण डोळे भरून आले, ते लपवले नाहीत.

थोड्या वेळानं खड्ड्यातून आधी माखलेला हात आला, मग पदर, मग धाकटी. कोंड्यानं पांढरी झालेली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही, बोलायचा तर प्रश्नच नव्हता. मी बाजूला सरलो. तिनं कमरेची पिशवी सोडली, कुलूप काढलं, किल्ली पुन्हा पिशवीत ठेवली आणि झाडू घेऊन कामाला लागली.

मालक दारात थांबले होते. ते आता खड्ड्याकडं बघत होते.

आमच्या घरी अजून तोच रिवाज आहे. धाकटी माझ्यापुढं बोलत नाही, आणि मीही तिला बोल म्हणालो नाही. फक्त ती समोरून आली की आता वाट मी देतो.