हळदीच्या कागदावरचा हात

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचायचो आणि हसायचो. भूतबीत काही नसतं, असं वर्गात पोरांना ठणकावून सांगणारा मी ड्रॉइंगमास्तर. आज मीच लिहायला बसलोय... हसायचं असेल तर खुशाल हसा.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. लोणावळ्यात भुशीच्या वाटेवर आमचं कौलारू घर होतं. घरात मी आणि माझी थोरली बहीण, आक्का. तिचं सासर लोहगडवाडीचं. दाजी तापानं गेले, मूलबाळ नव्हतं, म्हणून मी तिला इकडे आणली.

तेव्हा मला कॅमेऱ्याविना फोटो काढायचं वेड लागलं होतं — कॅमेरा परवडत नव्हता हे खरं कारण! पालक, पळसाची फुलं, जांभळं... मिळेल त्याचा रस कागदाला फासायचा, वर एखादं पान ठेवून काच दाबायची आणि उन्हात टाकायचं. ऊन लागेल तिथला रंग उडतो, पानाखालचा राहतो. सगळ्यांत झकास जमायची ती हळद. ती स्पिरिटमध्ये कालवून फासायची आणि ऊन दाखवून झालं की कागद चुन्याच्या निवळीत बुडवायचा. पानाचा पिवळा आकार लाल होऊन वर येतो. खोट एकच — हे चित्र पक्कं होत नाही. उजेडात राहिलं की हळूहळू उडून जातं.

हळद आक्काच कुटून द्यायची. निवळीला मात्र हात लावायची नाही.

"हळद आन् चुना म्हंजी कुंकूच की रं, आप्पा. मला कशाला त्यात वढतूस?"

एकदा ती आपणहून म्हणाली, "ह्यांचा एक फोटू काढाया पायजे व्हता. तोंड आठवंना झालंय मला. हात तेवढा आठवतूय."

दाजींच्या उजव्या हाताची करंगळी कोयत्यानं अर्धी गेली होती.

दिवाळीनंतरचं ऊन होतं. सुट्टीचा दिवस. मी नेच्याचं पान काचेखाली ठेवून कागद अंगणात मांडला आणि समोर ओट्यावरच वह्या तपासत बसलो. कागदाजवळ कुणी फिरकलं नाही. ऊन कलल्यावर आक्कासमोरच काच उचलली, पान काढलं, कागद निवळीत सोडला.

नेचा उमटलाच नाही. उमटला तो पुरुषाचा रुंद पंजा... करंगळी अर्धी.

आक्कानं हातातला तांब्या खाली ठेवला. "ह्यांचा हात हाय," एवढंच म्हणाली. आणि ज्या निवळीला ती कधी शिवली नव्हती, तिच्यात हात घालून तिनं कागद बाहेर काढला.

"आक्का, ट्रंकेत ठेव. उजेडानं जाईल गं तो," मी कळवळून सांगितलं.

"झाकून ठिवून काय करू? मला बघाया नगं व्हय?"

मग रोज दुपारी ती ओट्यावर उन्हात बसायची. कागद मांडीवर, आणि दाजींच्या पंज्यावर आपला उजवा पंजा बरोबर टेकवलेला. कडेचा लाल रंग फिका होत चालला होता. मी दोन-तीनदा रागावलोही, पण ती ऐकेना. मला ते बघवायचं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आक्का गेली. कागद तिच्या उशाखाली सापडला. दाजींचा रुंद पंजा उडून गेला होता, आक्काच्या हाताखाली झाकलं जायचं तेवढंच उरलं होतं — बारीक, बायकी पंजा. ते कसं झालं हे मी फळ्यावर काढून समजावू शकतो. पण नेच्याच्या पानाखाली दाजींचा हात आला कुठून? ते मला अजून कळलेलं नाही, आणि आता कळेल असं वाटतही नाही.

कागद काळ्या कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवलाय. मी तो उघडत नाही. उरलेला पंजा आक्काचाच आहे. लहानपणी तोच हात धरून मी शाळेत गेलोय. आक्काची बोटं सगळी धड होती. या पंज्याची करंगळी मात्र अर्धी आहे.