आधी प्लग दाखव

चालू मोटारसायकलच्या सायलेन्सरमागे तळहात धरायचा, डोळे मिटायचे आणि मग तोच तळहात नाकाशी नेऊन वास घ्यायचा. बाकीचे मेकॅनिक गाडी कानानं ऐकतात, आमचे काकाजी ती आधी हातानं ऐकायचे. वर्धेत नालवाडीच्या रस्त्यानं तुम्ही कधी गेला असाल, तर टिनाच्या शेडमध्ये गाडीमागे उकिडवा बसलेला हा पांढऱ्या मिशांचा उंच माणूस तुम्हीही पाहिला असेल. वास घेऊन झाला की निकाल लागायचा. "उपाशी हाय." नाहीतर, "लय खाऊन राह्यली." गाडीमालक बिचारा, डॉक्टरनं पोराचं पोट दाबून पाहावं तसा तोंडाकडे बघत उभा.

माझं शिलाईचं दुकान त्यांच्या शेडला लागून. मधली भिंतही टिनाचीच. त्यांनी पलीकडे गाडी रेस केली की इकडे माझ्या ब्लाउजवरची टीप वाकडी जायची. दुकान लावलं त्याच आठवड्यात मी भांडायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुमचंबी फिटिंगचं काम, माहंबी फिटिंगचं. बाईले श्वास घेता यावा इतकं ढिलं तुम्ही ठेवता ना? मी तेच करून राह्यलो." भांडण तिथंच संपलं. मशीन मात्र मी दुसऱ्या भिंतीला सरकवली.

विनय हा गुण त्यांच्याकडे औषधालाही नव्हता. "वर्धेत सायलेन्सर बसवणारे ढीगभर हायेत. बसवल्यावर गाडीले समजावणारा एकच," हे ते स्वतःच सांगायचे, आणि कुणी मान डोलवायला उशीर केला तर पुन्हा सांगायचे.

त्यांचं म्हणणं इतकंच होतं. कंपनीचा सायलेन्सर काढून मोकळा सायलेन्सर लावला की इंजिनाचा धूर सरसर बाहेर पडतो, हवा जास्त ओढली जाते, पण पेट्रोल तेवढंच राहतं. मग गाडी तापते, चढावर दम सोडते आणि रेस सोडली की फटफट फटाके फोडते. पोरांना ते फटाके म्हणजे ताकद वाटायची. काकाजी चिडायचे. "नाक मोकळं केलं अन् पोट उपाशी ठेवलं! कारबेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट कोण बदलन, तुहा मामा?" आवाजासाठी आलेल्याला तर ते शेडच्या सावलीतही उभं करत नसत. सिंदी मेघेचा एक जण सायलेन्सरमधली आवाज दाबणारी नळी काढून द्या म्हणून हटून बसला होता. काकाजी म्हणाले, "गाव उठवायचं असन तं कोंबडा पाळ. मह्याकडे काऊन आला?"

अशा माणसाकडे मी प्रणालीला पाठवलं.

माझं माहेर वडनेरचं. प्रणाली आमच्या शेजारची. बापाची जुनी मोटारसायकल ती शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, अशी पळवायची की बैल बिचकायचे. नागपूरला मातीच्या मैदानावर मोटारसायकलींची शर्यत होते, त्यात तिला उतरायचं होतं. तिनं मोकळा सायलेन्सर मागवून घरीच बसवला होता, आणि गाडी पहिल्यापेक्षा हळू झाली होती. ती आली तेव्हा थंडीचे दिवस होते. तिला वाटलं, काकाजी हसतील. ते हसले नाहीत. इंजिनाला पाइप जिथं जोडतात तिथली चपटलेली रिंग त्यांनी आधी बदलली. मग प्लग काढून तिच्या हातावर ठेवला.

"कोणता रंग हाय?"

"पांढरा."

"म्हणजे जळून राह्यली. याचा रंग भाजलेल्या बिस्किटासारखा पाह्यजे. काळा झाला तं पेट्रोल जास्त, पांढरा झाला तं कमी."

त्यांनी मोठ्या भोकाचा जेट टाकला, कार्बोरेटरमधली सुई एक खाच वर घेतली. भल्या सकाळी बायपासवर गाडी पळवून आणली, पुन्हा प्लग पाहिला. असं आठवडाभर चाललं. शेवटी एका सकाळी गाडी अशी निघाली की प्रणालीची ओढणी मागे सरळ रेषेत ताणली गेली. काकाजी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन म्हणाले, "पाह्यलं ताई? याले म्हणते काम."

एप्रिलमध्ये हिंगणघाटच्या एका मैदानावर सरावाची शर्यत झाली. ऐन दुपारची. प्रणालीचा बाप आढेवेढे घेत का होईना, पाहायला आला होता. गाडी पहिल्याच वळणावर गुदमरली. रेस दिली की घुर्रर करायची, काळा धूर सोडायची. प्रणाली सगळ्यांच्या मागून, जवळजवळ ढकलत आली. "शेतातलं इंजिन आणलं का वं?" असं कुणीतरी ओरडलं आणि लोक हसले. बाप घरी येऊन एवढंच म्हणाला, "झाली हौस. गाडी विकून टाकतो."

हे मला माझ्या भावजयीनं फोनवर सांगितलं आणि मी भिंतीपलीकडे जाऊन काकाजींना सांगितलं. मला वाटलं, आता ते पोरीला बोल लावतील, पेट्रोलला लावतील. ते हातातला पाना पुसत बसले. मग म्हणाले, "मी गाडी थंडीत लावून देली ना. सकाळच्या गार हवेत. उन्हाळ्यात हवा पातळ होते ताई, तिले तेवढं पेट्रोल झेपत नाई. हे मले समजाले पाह्यजे होतं." आणि लगेच, "वडनेरची गाडी किती वाजता हाय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेड बंद ठेवली. आजारपणातही ती कधी बंद नसायची. मीही माहेरी जायचं निमित्त काढून सोबत निघाले. एसटीत त्यांनी जेटची डबी मांडीवर धरली होती, हळदीकुंकवाला निघालेल्या बाईनं करंडा धरावा तशी. हिंगणघाटला बस थांबली, मी चहा विचारला. नको म्हणाले.

प्रणालीच्या अंगणात तिचा बाप होता, गाडी पाहायला आलेलं एक गिऱ्हाईक होतं आणि नेहमीप्रमाणे चार रिकामे लोक. काकाजींनी कुणाला नमस्कारसुद्धा केला नाही. उभ्या उभ्याच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"गाडीची चूक नाई. पोरीची तं अजिबात नाई. चूक माही हाय. ते सांगाले आलो."

प्रणालीचा बाप गोंधळून म्हणाला, "अजी, बसा तं खरं. इतक्या दुरून तुम्ही एवढं सांगाले आले?"

"मंग? पोरीवर हसले ना लोक. कामावर माहं नाव होतं, हसू तिच्यावर काऊन?"

मी त्यांच्या शेजारी इतकी वर्षं काढली, पण त्या माणसाचा ताठा खरा कशाचा होता ते मला त्या अंगणात कळलं. चूक लपवली असती तर मान खाली गेली असती. कबूल केली आणि ती आणखी उंच झाली.

गिऱ्हाईक निघून गेलं. गाडी शेताकडे नेल्यावर काकाजी भर उन्हात धुऱ्यावर तिच्याजवळ बसले, पण पान्याला त्यांनी हात लावला नाही. पाना प्रणालीच्या हातात दिला. "मी काय रोज तुह्या मागं येणार हाय? तू कर. चुकली तं पुन्हा कर." तिनं लहान जेट टाकला, गाडी पळवली, प्लग काढला. काळपट. पुन्हा खोललं, पुन्हा पळवली. घामानं तिच्या हातातून स्क्रू निसटून मातीत पडला तेव्हा आम्ही सगळे शोधायला वाकलो, तिचा बापही. काकाजी तेवढे बसून राहिले. ऊन कलायला लागलं तेव्हा गाडीचा घुर्रर आवाज गेला आणि ती एका दमात पांदण रस्त्याच्या टोकापर्यंत गेली. बापानं डोक्याचा दुपट्टा काढून तोंड पुसलं. म्हणाला, "पाहू मंग. नागपूरलेबी पाहू."

नागपूरच्या शर्यतीला मी गेले होते. शर्यतीआधी प्रणालीनं उन्हाकडे पाहिलं, काकाजींनी दिलेली जेटची डबी उघडली आणि स्वतःच जेट बदलला. काकाजी दोरीच्या बाहेर हात मागे बांधून उभे. आत जा म्हटलं तर म्हणाले, "मी काऊन जाऊ? गाडी तिची हाय."

ती तिसरी आली. पुढचे दोघं मोठ्या टीमचे, तंबूवाले. तिचा बाप शिट्ट्या मारत होता, ज्या त्याला मारता येत नव्हत्या. प्रणाली कप घेऊन धावत आली आणि तो काकाजींच्या पुढे धरला.

"कप राहू दे. आधी प्लग दाखव."

तिनं तिथंच मातीत बसून गरम प्लग फडक्यात धरून काढला. काकाजींनी तो उन्हात फिरवून पाहिला. आणि मग हा माणूस ओळख ना पाळख, शेजारच्या लोकांना तो प्लग दाखवत सुटला. "पाहा जी, पाहा. पोरीनं रंग कसा आणला! मी हात नाई लावला, इचारा तिले." नागपूरचे लोक कपाकडे बघावं की प्लगकडे, या पेचात.

मागच्या हिवाळ्यात काकाजी गेले. झोपेतच. शेड त्यांच्या मुलानं दुसऱ्याला दिली. आता तिथं मोबाइल दुरुस्त होतात. भिंतीपलीकडून काहीच आवाज येत नाही, तरी मी मशीन जागची हलवलेली नाही.

त्यांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम बुद्धविहारात झाला. बरेच जण बोलले. काकाजी स्वतःबद्दल जेवढं चांगलं बोलायचे, तेवढं कुणालाच जमलं नाही. शेवटी प्रणालीला पुढे बोलावलं. वडनेरच्या फाट्यावर आता तिचं स्वतःचं गॅरेज आहे. पांढरा सलवार-कुर्ता घालून ती माइकसमोर उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "मले बोलता येत नाई. कोणाची गाडी बंद असन तं सांगा."

लोक हसले, आणि हसता हसता रडले.

मागून एक जण भीत भीत उठला. भन्तेजींना ज्या मोटारसायकलवर बसवून आणलं होतं, ती फाटकातच बंद पडली होती, पुन्हा चालू होत नव्हती. प्रणाली माइक सोडून सरळ बाहेर गेली. आम्ही सगळे तिच्या मागे. तिनं बाह्या वर केल्या आणि त्या पांढऱ्या कपड्यांनिशी विहाराच्या अंगणात, धुळीत, गाडीजवळ मांडी घालून बसली. पाना मागायला तिनं मान वर न करता हात पुढे केला, आणि तो द्यायला चारी बाजूंनी लोक पुढे सरकले.