क्रशरचं सोवळं

"आज तू हात नको लावूस," सर म्हणाले. "पूजा आहे ना. जरा लांबच उभी राहा."

दसऱ्याचा आदला दिवस. लॅबमधल्या सगळ्या मशिनींना झेंडूचे हार घालणं चाललं होतं. कुणीतरी पिशवी माझ्या हातात दिली म्हणून मी एक हार काढला, इतकंच. पूजाअर्चा आमच्या घरात नाही.

तुर्भ्याच्या एमआयडीसीतली ही लॅब. खाणीतले, भट्टीतले टणक नमुने येतात. पहिला घास माझ्या क्रशरचा. वरून खडा टाकायचा, दोन पोलादी जबड्यांत तो कडाकडा फुटतो, खाली चुरा पडतो. तो पुढे बारीक दळतात, मग एसीतले लोक तपासतात. धूळ माझ्या नाकात, रिपोर्टवर सही त्यांची. प्रत्येक नमुन्यानंतर जबडे ब्रशनं घासायचे तेही मीच, नाहीतर आधीचा चुरा पुढच्यात मिसळतो.

सुरुवातीला सरांना माझी जात आडनावावरून कळेना. गाव विचारलं. डब्यात काय आणलंस, विचारलं. शेवटी एप्रिलात मी जयंतीची सुट्टी मागितली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "बीएस्सी झालीयेस, तपासणीच्या टेबलावर घेऊ तुला" हे बोलणं त्या दिवसापासून बंद.

तर मी दाराशी उभी राहिले. सरांनी हळद-कुंकू, अक्षता थेट जबड्यात वाहिल्या, वर तीर्थ शिंपडलं. नाकानं कांदे सोलणारा माणूस दगड फोडायच्या यंत्राचं सोवळं पाळत होता! मला हसू आलं. मग संताप आला. मी दाराशी का उभी आहे, याची लाजही वाटली.

दसरा झाला, कामावर आले. जबड्यात तांदूळ, कुंकवाचा चिखल, सुकलेला झेंडू.

"ते काढ आणि सॅम्पल लाव," सर म्हणाले. "पार्टी थांबलीय."

"ज्यांनी वाहिलं त्यांनी काढायचं."

"निर्माल्यच आहे गं. तुला काय प्रॉब्लेम?"

"परवा तो देव होता, तवा माझा हात नाय चालला. आज कचरा झाला तर माझाच हात पायजे?"

सरांनी आवाज खाली आणला. "कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपतंय तुझं. विसरलीस?"

विसरले नव्हते. शिरवण्यातली खोली माझ्याच पगारावर चालते. पण ब्रश उचलला नाही. शेवटी त्यांनीच उचलला, दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसा. फटीतले दाणे काढताना घामाघूम झाले, कुंकू पांढऱ्या कोटाला लागलं. कीव यावी असं ध्यान. मला आली नाही.

कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही.

काल रबाळ्याला दुसऱ्या लॅबमध्ये मुलाखत होती. काम तेच, क्रशरचं. साहेबांनी विचारायच्या आधी मीच बोलले.

"आमी बौद्ध. दसऱ्याला माझा हात चालणार नसंल, तर वर्षभर पण नाय चालणार. आताच सांगा."