पापडांचा दिवस

ब्राह्मणपुरीत आमच्या समोर राहणाऱ्या काकू पाळी हा शब्द कधी उच्चारत नसत. ‘अडचण शे’ म्हणत, तेही तोंडाला पदर लावून. पण त्यांची अडचण इतकी नेमाची, की गल्लीचा पापड लाटायचा दिवस तिच्यावरूनच ठरे. अडचणीत पिठाला हात लावायचा नाही, आणि काकूंसारखं पीठ दुसरं कुणी कुटत नसे.

कोरोनाची पहिली लस घेतली त्या महिन्यात ऐन पापडांच्या दिवशी काकू ओट्यावर बाजूला जाऊन बसल्या. पाळी वेळेआधीच आली होती. बायका घाबरल्या, म्हणाल्या, आता दुसरी सुई नको. काकू तडक नर्सबाईंकडे गेल्या. लसीनंतर काहींची पाळी थोडी मागेपुढे होते, मग पुन्हा वेळेवर येते, असं नर्सबाईंनी सांगितलं. तापाचं आधी सांगितलं आणि पाळीचं नाही, म्हणून काकू भडकल्याच. “ताप ई हाई सांगं, मंग हाई काबरं सांगं नही?”

दुसरी लस घेऊन त्या घरी गेल्या नाहीत. रांगेजवळ उभं राहून प्रत्येकीला सांगू लागल्या, “हात दुखी, ताप ई, पाळी मांगेपुढे व्हई. घाबरानं नही.” पदर तोंडाशी नव्हता. रांगेतला एक जण खाली मान घालून उभा होता. त्यालाही म्हणाल्या, “आयकं ना भाऊ? घर जाईसन वहिनीले सांगजो.”