डेंगळेवाली काकू

कुणाच्या हातात औषधाची बाटली दिसली की ती आधी बाटलीवर हात ठेवायची, मग माणसाच्या तोंडाकडे बघायची.

"कवा मारणार?"

"उद्या सकाळी, काकू."

"सकाळी कावून? सांजंला मार की. सकाळी माझ्या माश्या कामाला येतेत."

दिंद्रुडला माझं खतं, बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी काकू वस्तीवरून चालत यायची आणि परत निघण्याआधी माझ्या पायरीवर टेकायची. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, दुकान हिचंच आहे आणि मी कामाला आहे. एकदा एका कंपनीचा तरुण प्रतिनिधी नवं औषध दाखवायला आला. काकूने त्यालाही विचारलं, कवा मारायचं? त्याने पत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "कधीही चालतं, आजी." "मग सांजंला चालतंय," असं म्हणून तिने विषय मिटवला. तो पुढे दोन-तीन हंगाम येत राहिला. पायरीवर काकू दिसली की बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणायचा, "संध्याकाळी, आजी, संध्याकाळी."

तुम्ही कांद्याच्या गावचे असाल तर डेंगळे पाहिलेच असतील. नसाल तर सांगतो. निवडलेला कांदा थंडीत पुन्हा जमिनीत लावला की त्याला पोकळ हिरवा दांडा फुटतो आणि टोकाला पांढऱ्या फुलांचा गोल गेंद येतो. तोच डेंगळा. माश्या त्यावर बसल्या, या फुलाची धूळ त्या फुलाला लागली, तरच आत काळं बी धरतं. काकूचं एक छोटं रान असं डेंगळ्यांचं होतं. घरचं वाण, तिच्या सासूच्या हातचं. बी गुलाबीसर कांद्याचं होतं. तो कांद्याच्या चाळीत दिवाळीपर्यंत टिकायचा.

ती नांदायला आली तेव्हा कांदा म्हणजे पाण्याच्या दंडाकडेला लावलेले चार वाफे. घरापुरता. मग कालव्याचं पाणी आलं, बोअर झाले, आणि बघता बघता आमच्या भागातला कांदा ट्रक भरभरून परराज्यांत जायला लागला. बी डब्यात मिळू लागलं. मीच विकतो ते. काकूचा त्याच्यावर राग नव्हता. "डब्यातलं चांगलंच असतंय," ती म्हणायची, "पर माझं माझं हाय."

मागेल त्याला ती बी द्यायची. अट एकच, घेणाऱ्याने चार कांदे फुलाला ठेवायचे. कुणीही ठेवायचं नाही. पुढच्या साली तोच माणूस मान खाली घालून दारात.

"न्हाई ठिवलं ना? ठावं होतं मला," म्हणत ती बियाचा पेला भरायची. वर दोन शिव्या, त्याही फुकट.

काकूला मूलबाळ नव्हतं. नवरा लवकर गेला. पुतण्या बालाजी आणि त्याची बायको मीरा शेजारच्याच घरात. जेवण मीराच्या हातचं, भांडण बालाजीशी. दोघांची रानं बांधाला बांध लागून.

एका साली फेब्रुवारीत काकू माहेरच्या लग्नाला युसूफ वडगावला गेली. बालाजीच्या कांद्याची पात किडीने वाकडी केली होती. आभाळ भरून आलं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून तो ट्रॅक्टर घेऊन बाहेरगावी कामाला जाणार होता. त्याने सकाळीच पंप पाठीवर घेतला. वारा काकूच्या रानाकडे होता.

ती परत आली तेव्हा डेंगळे तसेच उभे होते, पांढरेशुभ्र. फक्त आवाज नव्हता. वाकून पाहिलं तर दांड्यांच्या बुडाशी माश्या पडलेल्या.

आम्हाला वाटलं आता वस्ती डोक्यावर घेणार. बालाजी तर घाबरून उशिरा घरी आला. पण मीराने वाढलेलं ताट तसंच परत गेलं. मीराने मला फोन केला, "भाऊजी, शिव्या देत न्हाईत हो त्या. तुमी या जरा."

आणि त्यात नुसत्या हट्टाचा प्रश्न नव्हता. आदल्या साली गारांनी डेंगळे झोडपले होते. बी हाती लागलं नाही, म्हणून नवं रोपही टाकता आलं नव्हतं. राखून ठेवलेले जुने कांदे होते, तेवढे सगळे तिने जमिनीत घातले होते. यंदा बी धरलं नाही तर ते वाण संपणार होतं.

मी गेलो तेव्हा ती रानात होती. एका डेंगळ्यावरून तळहात फिरवत होती, मग दुसऱ्यावरून, मग पुन्हा पहिल्यावर. मला बघून तिने हात पुढे केला. तळव्याला बारीक पिवळसर धूळ लागली होती.

"माशी दुसरं काय करती? अंगाला हे लावून हिकडून तिकडं जाती. हात तर आपल्यालाबी हायेत."

"काकू, असं बी धरतं का?"

"मला काय ठावं? मी काय माशी हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगावर आल्यावर ती वस्तीवरल्या दारादारांत उभी राहिली. बायकांना एवढंच म्हणाली, "घडीभर चला माझ्यासंगं." मीरा सगळ्यांच्या आधी निघाली. मागून बाकीच्या आल्या. प्रत्येकीच्या घरी कधी ना कधी त्या पेल्यातलं बी गेलं होतं. पहिल्या दिवशी हसण्यातच अर्धा वेळ गेला. एक म्हणाली, "काकू, आमी गुणगुणायचं का बी?" तशी दुसरीने खरंच घूं घूं सुरू केलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा काकूच्या तोंडून शिवी आली. मीही बघायला गेलो होतो; मीराने मला बांधावरून हात केला. जीव भांड्यात पडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

सगळी फुलं एकदम उमलत नाहीत. म्हणून त्या रोज यायच्या.

बालाजी बाहेरगावचं काम अर्धं टाकून परत आला. सकाळी बायका रानात असताना तो बांधावर येऊन उभा राहिला. कुणी त्याला ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. बऱ्याच वेळाने तो चपला काढून आत शिरला आणि कडेच्या डेंगळ्यावर हात ठेवला. दोन ओळी सोडून काकू होती. मान न वळवता म्हणाली,

"हळू. खरडू नगं. मांजराच्या पाठीवरून फिरवतेत तसा फिरव."

"असा?"

"आणिक हळू."

"काकू, चुकलं माझं."

"पुढच्या ओळीला लाग," ती म्हणाली.

त्या साली बी आलं, कमी आलं. शेवटी शेवटी थोड्या माश्याही फिरकल्या होत्या, तेव्हा हाताने धरलं की माशीने, कोण सांगणार? काकूने ते सुपात घेऊन सगळ्या बायकांना दाखवलं. पेला मात्र कुणापुढे केला नाही. सगळं बी बालाजीच्या आणि तिच्या रानात रोपाला टाकलं. "यंदा कुणी मागू नगा," असं तिने आधीच बजावलं आणि कुणी मागितलंही नाही.

त्यानंतर काही वर्षं गेली. रान पुन्हा भरलं. काकूचे गुडघे गेले, मग श्वास लागायला लागला, दुकानाची पायरी सुटली. गेल्या उन्हाळ्यात, बी काढणीला येण्याच्या आतच ती गेली. डेंगळे मीराने कापले आणि बी झोडलं. त्यातलं पेलाभर ती मला दुकानात द्यायला आली.

पायरी सुटल्यावर, काकू जाण्याआधी, मी तिला एकदाच भेटलो होतो. बालाजीने मोटरसायकलवर बसवून तिला रानात आणलं होतं, मागून मीराने धरलं होतं. बांधावर गोधडी टाकून तिला टेकवलं. बसल्यावर डेंगळे तिच्या डोक्याच्या वर येत होते. रान नुसतं घुमत होतं. ती हाताला येईल ते फूल ओढून घ्यायची, त्यावरून बोटं फिरवायची, सोडून द्यायची. बोलायला दम पुरत नव्हता.

एक माशी तिच्या मनगटावर येऊन बसली. मीराने झटकायला पदर उचलला.

"ऱ्हाऊ दे," काकू म्हणाली. "दमली आसंल."

तिने हात मांडीवर अलगद ठेवला आणि माशी उडेपर्यंत हलवला नाही.