खळ दिलेल्या नोटा

कडकमामांनी आयुष्यात चौदा राजे, तीन संत आणि अगणित भुतं कपडे चढवून रंगमंचावर सोडली. नाटक कंपनीचा कपडेपट त्यांच्या ताब्यात होता. राजा पिऊन आला तरी त्याच्या झग्याला मामांची अशी खळ असे की, आतला माणूस कोसळला तरी झगा उभा राहावा. एका प्रयोगात तसंच झालं, आणि झग्याला टाळ्या पडल्या. तेव्हापासून ते कडकमामा. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं आणि तेही पगाराइतकंच क्वचित दिसे.

निवृत्तीनंतर मुलीने त्यांना आणि मामींना परदेशी बोलावलं. तिकिटं जावयाने काढली, आणि ते मामांना कॉलरच्या टाचणीसारखं टोचत राहिलं. आपण फुकटे पाहुणे नाही हे दाखवायचा त्यांचा बेत साधा होता: पहिल्या शनिवारी सगळ्यांना बाहेर जेवायला न्यायचं आणि बिल आपण द्यायचं. चाळीस वर्षं दुसऱ्यांना राजे केलं, आता एक संध्याकाळ आपली. मुलीनेही कौतुकाने सात वाजताचं टेबल राखून ठेवलं. त्या हॉटेलात रोख पैसेच चालत, आणि तेही त्या देशाचे.

निघण्याआधी मामांनी साठवलेल्या पैशांतून, कुठल्याही देशात बदलून मिळतील अशा परदेशी नोटा एका एजंटाकडून घेतल्या. एजंटाने जाता जाता पुडी सोडली की तिकडचे लोक फार नखरेल, मळलेली किंवा घडी पडलेली नोट हातात धरत नाहीत. दुसऱ्या कोणी त्या नोटा जाड पुस्तकात दाबून ठेवल्या असत्या. मामांनी शेगडीवर खळ चढवली.

नोटा साबणाच्या पाण्याने पुसल्या, हलकी खळ दिली आणि त्यात चिमूटभर चकाकी टाकली. चकाकी म्हणजे भुताच्या चादरीला लावायची पांढरी पूड. शेवटच्या अंकात जांभळा दिवा लागला की चादर अशी पेटायची की पुढच्या रांगेतले नास्तिकही देवाचं नाव घेत. मग मलमल घालून इस्त्री. नोटेवर कुणी थोर पुरुष होते, पण थोर असूनही त्यांची कॉलर चुरगळलेली होती. तिच्यावर मामांनी जास्त वेळ दिला.

"लग्नाला छत्तीस वर्षं झाली," मामी दारातून म्हणाल्या, "माझ्या एका कपड्यावर कधी इस्त्री फिरवली नाहीत. हा मेला कोण लागतो तुमचा?"

शनिवारी साडेपाचला मामा, मामी आणि जावई नोटा बदलायच्या दुकानात पोचले. चपलांचं दुकान आणि न्हावी यांच्यामधला हा चिंचोळा गाळा होता. काचेमागे चष्मा लावलेली एक बाई बसली होती. मामांनी शर्टाच्या खोक्यातून, दोन पुठ्ठ्यांमधून नोटा काढल्या आणि नव्या वेषातला नट आत सोडावा तशा काचेखालून सरकवल्या.

बाईने नोट उचलली. नोट वाकली नाही. तिने ती यंत्रात घातली, यंत्राने थुंकून टाकली. दुसरी घातली, तीही थुंकली. मग बाईने छोटा जांभळा दिवा लावला आणि नोट त्याखाली धरली. थोर पुरुष कॉलरपासून केसांपर्यंत पेटले. तिसऱ्या अंकातलं भूत इतक्या लांब येऊन भेटेल असं मामांना वाटलं नव्हतं.

खरी नोट अशी अख्खी चमकत नाही, बाईने जावयाला सांगितलं, आणि हात फोनकडे नेला. जावई दाराकडे बघू लागला. मामांना मात्र कळायचं ते कळलं. जावयाने खळीपासून चकाकीपर्यंतचं सगळं भाषांतर करावं म्हणून ते बोलत सुटले. जावई हिशेबनीस होता. त्याने चार मिनिटांचं निवेदन "धुतल्यात" एवढ्यात उरकलं. शेवटी मामांनी त्याच खळीत काढलेल्या आपल्या शर्टाची बाही काचेखालून आत सारली आणि दिव्याकडे बोट दाखवलं. कफ पेटला. कॉलर पुढे केली, तीही पेटली. जावयाच्या शर्टात कसलाच उजेड पडला नाही.

बाईने फोनवरचा हात काढला आणि आतून म्हाताऱ्या मालकाला बोलावलं. त्याने यंत्र बाजूला सारलं, नोटांवरून नख फिरवलं, उजेडात आतला धागा पाहिला. नोटा खऱ्या आहेत, तो म्हणाला, पण यंत्र त्या घेणार नाही. बँकेत दिल्या तर पूर्ण किंमत मिळेल, तीन आठवडे लागतील. पैसे आत्ताच हवे असतील तर एक तृतीयांश कापून, आणि या कागदावर सही करून. जावयाने कागद वाचला: 'खराब केलेल्या नोटा.'

मामांच्या मानेची शीर उभी राहिली. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेल्या कपड्याला कुणी खराब म्हटलं नव्हतं.

"त्याला म्हणावं, 'धुतलेल्या' लिही. लगेच सही करतो."

मालकाने मान हलवली. छापील शब्द होता.

"बाबा, आज मी देतो," जावई हळूच म्हणाला. "तुम्ही तीन आठवड्यांनी द्या."

तो मनाने सरळ होता, म्हणून जास्त लागलं. मामांनी कागदाकडे पाहिलं, मग मामींकडे. मामी भिंतीवरचं घड्याळ बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तो राजा पडला तेव्हा तुम्ही पडदा पाडलात का?"

"नाही."

"मग करा सही. पोरगी नटून बसली असेल."

मामांनी 'खराब' हा शब्द झाकला जाईल इतकी मोठी, लफ्फेदार सही ठोकली. बदल्यात त्या देशाच्या मऊ, मळक्या, कोपऱ्यांत दुमडलेल्या नोटा हातात आल्या. मालकाने त्या निर्लज्जपणे ओंजळभर दिल्या. मामांनी त्या दोन बोटांत धरून मामींच्या पर्समध्ये टाकल्या आणि हात रुमालाला पुसले.

जेवण काय होतं ते मामांना नंतर आठवेना. वेटरने सवयीने बिल जावयापुढे ठेवलं, तेव्हा मामांनी खाकरून बोटाने टेबलावर दोनदा ठोकलं. बिल इकडे आलं. त्यांनी एकेक नोट तळहाताने सपाट करून मांडली, त्यावर आणखी दोन ठेवल्या, आणि उरलेली चिल्लरही वेटरकडे सरकवली. बक्षिसी बिलाच्या अर्ध्याएवढी झाली होती. हिशेबनीस जावयाने तोंड उघडलं. टेबलाखालून मुलीने त्याचा पाय दाबला.

"जेवलात ना पोटभर?" मामांनी त्याला विचारलं.

"भरपूर, बाबा."

मामा खुर्चीवरून उठले आणि दारापर्यंत इतक्या सावकाश गेले, की वेटरने धावत जाऊन दार उघडलं.