अंगणात वाळलेला देव

मी एकदा अर्धा दिवस देव होतो, आणि त्यातला बहुतेक वेळ माझ्या नाकाला खाज सुटलेली होती.

जव्हारच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. म्हणजे जेवढे तास मिळतील तेवढाच वेळ मी प्राध्यापक. उन्हाळ्यात तास नसतात, त्यामुळे उन्हाळ्यात मी कोणीच नसतो. यंदा तर जूननंतरही तास मिळतील की नाही, हे सांगायला कोणी तयार नव्हतं. आमचे बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. कायम नोकरी केलेल्या माणसाच्या शांतपणाने ते रोज सकाळी विचारायचे, "मग, पुढं काय?"

"मी नवीन कौशल्य शिकणार आहे," एके दिवशी मी जाहीर केलं.

"आधीचं कुठलं होतं?" बाबा म्हणाले.

मी मुखवटे बनवायचं ठरवलं. आमच्याकडे उन्हाळ्यात गावोगाव बोहाडा होतो. देवांचे मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर नाचतात, आणि ज्याने मुखवटा चढवला तो तेवढा वेळ देवच. मग थोरला भाऊसुद्धा धाकट्याच्या पाया पडतो. मोखाड्याचे माझे मामा हे मुखवटे करतात. त्यांनी मला सगळं शिकवलं. मातीचा साचा करायचा, त्यावर कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, सावलीत वाळवायचं आणि घाई करायची नाही. मी सगळं नीट ऐकून घेतलं आणि घरी दाभोशाला येऊन घाई केली.

"मातीचा साचा कशाला?" मी माझ्या बायकोला, सुनंदाला म्हणालो. "इतका चांगला तयार चेहरा असताना?"

"कोणाचा?" सुनंदाने विचारलं.

मी आरसा घेऊन अंगणात बसलो. डोळे, नाकपुड्या आणि ओठांपुरती फट सोडून सगळ्या चेहऱ्यावर कागद थापले. (आधी तेल लावायचं असतं. ते मामा सांगत होते तेव्हा मी चहा घेत होतो.) लवकर वाळावं म्हणून खाटेवर उन्हात आडवा झालो आणि मला छान झोप लागली.

जाग आली ती फोनने. तो सुनंदाने घेतला. कॉलेजातून होता. प्राचार्य आजच तासांचं वाटप करणार होते, बारापर्यंत समक्ष या, नाहीतर तास दुसऱ्याला जातील. मी उठलो, पण चेहरा उठेना. मुखवटा भाकरीसारखा कडक झाला होता आणि माझी मिशी त्याच्या मालकीची झाली होती.

सुनंदा गरम पाणी आणि सुरी घेऊन धावली. तेवढ्यात बाबा बाहेर आले, माझ्याकडे पाहून थबकले आणि त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

"सुरी ठेव," ते म्हणाले. "देव असा ओरबाडून काढत नाहीत. नारळ द्यायचा, पाया पडायचं, मग उतरवायचा."

"अहो, अजून रंगसुद्धा नाही दिला. कुठला देव ते तरी कळतंय का?" सुनंदा म्हणाली.

"त्याला कळत असेल," बाबा म्हणाले आणि वाकून माझ्या पाया पडले.

मी हबकलो. जन्मात ज्यांनी माझ्या प्रगतिपुस्तकावर 'ठीक' याच्या पुढे काही लिहिलं नाही, ते बाबा माझ्यासमोर डोळे मिटून उभे होते. मला आशीर्वाद द्यावा की नोकरीबद्दल माफी मागावी, तेच कळेना. आणि घरात नारळ नव्हता, अन् बाहेर बारापूर्वीची एकुलती जीप हॉर्न वाजवत होती.

"आधी तास," सुनंदा म्हणाली. "नारळ जव्हारला घेऊ."

एरवी त्या जीपमध्ये मी मागे लटकून जातो. त्या दिवशी पुढची सीट रिकामी झाली. ड्रायव्हरने गाणी बंद केली, माझं भाडं घेतलं नाही. (सुनंदाचं घेतलं.) वाटेत एक म्हातारी चढली. मागे न बसता ती आधी पुढे आली आणि माझ्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, "देवा, पोर सूर्यमाळला दिलीय मी. तिथं पाणी नाय. तिच्या डोक्यावरचा हंडा उतरव रं."

माझी नाकाची खाज एकदम थांबली. कालचे पेपर, चिंचोक्याची खळ आणि माझा आळस, एवढ्याचाच तो देव. पण ती ज्याच्याकडे बघत होती तो खरा होता, आणि त्याच्या आत बसून मला अंगावर काटा आला. मी फक्त मान हलवली. त्याहून जास्त काही करण्याची माझी लायकी नव्हती.

जव्हारला पोचेपर्यंत बारा वाजत आले होते. नारळाला वेळच नव्हता. मी तसाच प्राचार्यांच्या खोलीत शिरलो. प्राचार्य मूळचे मोखाड्याकडचे. मला पाहून ते खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि माझ्या पाया पडले. शिपायाला नारळ आणायला पिटाळलं आणि हात जोडून हळूच विचारलं, "देवा, यंदा अनुदान मिळेल का?"

मी मान हलवली. एव्हाना मला सवय झाली होती.

नारळ फुटला, सगळे पाया पडले. मग चहासाठी उकळलेल्या पाण्याने सुनंदाने हळूहळू मुखवटा सोडवला. मिशी आणि डावी भुवई त्याच्यासोबत गेली.

"अरे, तुम्ही आहात होय," प्राचार्य खुर्चीत बसत म्हणाले. "बाहेर थांबा. बोलावतो."

बोलावलं, पण चारच्या सुमारास. तास निम्मेच मिळाले, आणि उरलेल्या वेळात मुलांना मुखवटे शिकवाल का, असं विचारलं. मी लगेच हो म्हणालो. आता वर्गात पहिला धडा तेल लावण्याचा असतो.

मामांनी तो मुखवटा पाहिला, आत अडकलेली मिशी पाहिली आणि ते रंग द्यायला नको म्हणाले. तो आता आमच्या ओटीवर टांगलेला आहे. नाक माझं, गाल माझे, मिशीसुद्धा माझीच. बाबा रोज सकाळी अंघोळ करून त्याच्यासमोर डोळे मिटून उभे राहतात, फूल वाहतात. मग वळून माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "मग, पुढं काय?"

थोडक्यात, आमच्या घरात माझ्या चेहऱ्याला फार मान आहे. फक्त त्याच्यामागे मी असून चालत नाही.